ताईच्या सासऱ्यांचा सरस

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांइतका हेकट माणूस अख्ख्या मावळात दुसरा झाला नसेल. झालाच असेल तर दोघांची गाठ पडली नाही हे चिंचवडकरांचं नशीब. ते तंबोरे बनवत आणि त्यांचे सांधे सरसानंच चिकटवत. चामडी आणि हाडं उकळून केलेल्या सरसाच्या वड्या रात्रभर भिजवायच्या, सकाळी गरम पाण्यात भांडं ठेवून मंद आचेवर वितळवायच्या, हा त्यांचा नित्यनेम. वास साऱ्या आळीला येई, त्यांना सोडून. घरात कांदा शिरू न देणाऱ्या या सोवळ्या गृहस्थाला हा काढा मात्र चाले. "वाद्यात गेलं की पवित्र होतं," हे त्यांचं शास्त्र. ताईचं स्थळ घेऊन आम्ही प्रथम गेलो तेव्हा ते ओरडले, "दार लावा, वाऱ्यानं सरस गोठतोय!" वडिलांनी निमूटपणे लावलं, बाहेरूनच. आम्ही अर्धा तास ओसरीवर उभे.

पुढे पिंपरीला कारखाने आले, भावोजी तिथे लागले आणि नव्या गोंदाचा डबा घरी घेऊन आले. सासऱ्यांनी तो टेबलाच्या मोडक्या पायाखाली सारला.

आई गेली तेव्हा तिचा तंबोरा माझ्याकडे आला. भोपळ्यावरची तबली, म्हणजे त्याचं लाकडी झाकण, एका कडेला सुटली होती. तो ताईच्या सासऱ्यांकडे दुरुस्तीला टाकला. ते म्हणाले, "हवा कोरडी होऊ दे." मग दिवाळी गेली, संक्रांत गेली, यांची हवा काही कोरडी होईना. शेवटी माझं डोकं फिरलं. तंबोरा उचलून घरी आणला आणि भावोजींकडून गोंद मागून तबली चिकटवून टाकली. घट्ट बसली! स्वतःवर इतकी खूश मी कधीच नव्हते.

उन्हाळ्यात भोपळ्याला चीर गेली. मुकाट्यानं त्यांच्याकडे गेले. त्यांनी तबलीच्या कडेवरून नख फिरवलं.

"सरस असता तर गरम फडक्यानं तबली सोडवून चीर आतून सांधली असती. ही आता फुटेल, पण सुटायची नाही. कुणी केलं?"

"मी."

शिव्यांची वाट पाहत उभी राहिले. त्यांनी नुसती मान हलवली आणि चिरेवर बाहेरून कापडाची पट्टी लावून दिली. पण आईचा तो भरलेला षड्ज गेला तो गेलाच.

सणाला आम्ही सगळे जमलो. ताईनं तारा छेडल्या आणि तिचा चेहराच पडला. "मामंजी, आईचा तंबोरा असा का हो वाजतो?"

जन्मात एक चूक कबूल न केलेला तो माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, "वय झालं सूनबाई. हात चुकला माझा."

ते जाऊनही वर्षं लोटली. ताईला अजून मी खरं सांगितलेलं नाही.