बाईच्या वावरातला कुंदा

बाईला मी वावर दिलं तेव्हा गावातल्या लोकांनी माझी तारीफ केली. ती तारीफ मी गुपचूप ऐकून घेतली. आज ते सगळं लिहायला बसलो आहे ते एवढ्यासाठीच की, त्या दिवशी मी जे बोललो नाही ते कुठं तरी बोलावं.

आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. माझी बाई जळगाव जामोदच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात दिलेली. मागच्या पावसाळ्यात तिचा नवरा गेला. मूलबाळ नाही. काही महिने ती दिराच्या घरात राहिली. तिथं तिला कुणी मारत नव्हतं, उपाशीही ठेवत नव्हतं. फक्त काम सांगायचं असेल तेव्हाच तिच्याशी बोलत. संक्रांत झाल्यावर ती एक पेटी आणि एक पिशवी घेऊन जानेफळला आमच्या घरी आली.

मी मेहकरला शाळेत शिकवतो. घरात मी आणि बायको दोघंच. मुलगी लग्न होऊन गेलेली. बाई आली आणि आमच्या स्वयंपाकघरात दोन बायका झाल्या. भांडण एकदाही झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. बाई आत गेली की बायको बाहेर येऊन पेपर उघडायची. बायको आत गेली की बाई अंगण झाडायला घ्यायची, सकाळी झाडलेलंच. संध्याकाळी शाळेतून आल्यावर त्या दोघींच्या मधे बसून चहा पिण्याची मला भीती वाटायला लागली.

तेव्हा मला नाल्याकाठचा तुकडा आठवला.

आमचं बाकीचं शेत मी बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यावर, दिलेलं आहे. नाल्याकाठचा अर्धा एकर मात्र बटईदारानं पहिल्याच वर्षी नको म्हणून सांगितलं. वडील होते तोवर तिथं वांगी, भेंडी, चवळी व्हायची. ते गेले आणि त्या तुकड्यात कुंदा माजला. ज्यांनी काळ्या जमिनीतला कुंदा पाहिला नाही त्यांना हे गवत वाटेल. वरून ते गवतच असतं. खाली मात्र पांढऱ्या, पेरापेरांच्या मुळ्यांचं जाळं हातभर खोल गेलेलं असतं. वरचं कापलं तर त्याला काही होत नाही. मुळीचं एक पेर जरी जमिनीत राहिलं तरी त्यातून नवा कोंब येतो.

एका रात्री जेवताना मी म्हणालो, "बाई, नाल्याकाठचं वावर तू कर. भाजी लाव. आपल्या बाजारातच विकता येईल."

बाई घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "मले देऊन राह्यला?"

"हो. तुझ्या नावावर करू पाहिजे तर."

"नावावर नको. माहेरचं वावर घेतलं का माहेर राहत नाही." मग घास ताटात ठेवून म्हणाली, "एक हंगाम करून पाह्यतो. वावरानं ठेवून घेतलं तं राह्यतो. नाही तं दिराकडं जातो. त्याईनं म्हैस घेतली हाय, त्याईले माणूस पाह्यजेच."

बायकोनं तिच्या ताटात न मागता भाकरी वाढली. मी धरून चाललो की त्या दोघींना वाटलं, मी बाईची सोय केली. मी माझी सोय केली होती. बाईनं सकाळी घराबाहेर पडावं आणि संध्याकाळी थकून यावं, एवढंच माझ्या मनात होतं. पडीक, कुंद्यानं खाल्लेला, बटईदारानं नाकारलेला तुकडा मी बहिणीला दिला आणि ताठ मानेनं झोपलो.

होळी झाली आणि बाईनं खंदायला सुरुवात केली. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगेत सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घालायची, जोर देऊन मोठं ढेकूळ अख्खं उचलायचं आणि उलटं करून ठेवायचं. फोडायचं नाही. ढेकळाच्या पोटातल्या मुळ्या वर येतात आणि ऊन त्यांना आठ-पंधरा दिवसांत वाळवून टाकतं. मग त्या वेचायच्या, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढीग करून जाळायच्या. या कामाला दुसरा रस्ता नाही. बाई पहाटे जायची, ऊन चढलं की निंबाखाली बसायची, उतरलं की पुन्हा लागायची. दिवसाला सात-आठ बाजा मावतील एवढी जागा व्हायची. तिच्या तळहाताचे फोड फुटले, त्यावर हळद बांधून ती जायची. मी रविवारी जाऊन यायचो. तासभर सब्बल मारायचो आणि मग पेपर तपासायचे आहेत म्हणून घरी यायचो.

तिसरा हिस्सा झाला होता. पण तो हिस्साच बघायला भेसूर. डोक्याएवढाली ढेकळं उताणी पडलेली, त्यांतून वाळल्या मुळ्या लोंबणाऱ्या. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला ते वावर उकरून टाकल्यासारखं दिसायचं, आणि त्यात एकटी बाई.

एकदा पानठेल्यावर एक जण सगळ्यांदेखत म्हणाला, "काऊन मास्तर, बहिणीले वावर देलं का रोजानं लावलं?"

लोक हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

आखजी आली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. बाईच्या नवऱ्याची ती पहिलीच आखजी, म्हणून बाई घागर भरायला सासरी गेली. जाताना मला म्हणाली, "ढेकलं तशीच राहू दे. हात नको लावजो."

मी हो म्हणालो. त्याच सुमारास अवकाळी पाऊस शिंतडून गेला आणि जमीन थोडी मऊ झाली. दुसऱ्या दिवशी मी ट्रॅक्टरवाल्याला बोलावून आणलं. मातीचा भुगा करणारा रोटाव्हेटर लावून तो वावरात शिरताना मला म्हणाला, "सर, असा रवा करून देतो का लाडूच वळा!"

खरंच त्यानं रवा केला. ढेकळं गेली, कुंदा गेला, सगळी जमीन सपाट, काळीभोर, नव्या चादरीसारखी. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. पानठेल्यावरचा तो माणूसही थांबला. मी मोबाइलवर फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, 'बाईच्या वावराची तयारी.' संध्याकाळपर्यंत किती तरी लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. मला वाटलं, मी बाईचे कष्ट वाचवले. वाटलं म्हणतो, पण ते खरं नाही. लोकांची तोंडं बंद करायची म्हणून मी ट्रॅक्टर आणला होता.

बाई परत आली ती बसमधून उतरून पिशवीसकट सरळ वावरात. मी तिच्यासोबत होतो, तिचा चेहरा बघायला. ती धुऱ्यावर उभी राहिली. मग खाली बसली, मातीत हात घातला आणि मूठ वर काढली. माती बोटांमधून गळून गेली आणि तळहातावर पांढरे तुकडे राहिले. बोटाच्या पेराएवढे, नीट कापलेले.

"हे पाह्य," ती म्हणाली. "एकाचे किती केले."

तिनं दुसरी मूठ घेतली, थोड्या अंतरावर जाऊन तिसरी घेतली. सगळीकडे तेच. मग तिनं विचारलं, "माह्यी खंदलेली जागा कोठी व्हती?"

मला दाखवता आली नाही. त्या सपाट, सुंदर वावरात मला ती जागा ओळखता येईना. बाईनं हात झटकले आणि पिशवी उचलून घराकडे चालायला लागली. रस्त्यात एवढंच म्हणाली, "दिरानं सांगतलं हाय, मिरगाच्या आत नक्की करा. येत असान तं घ्यायले येतो."

आठवडाभरात ओल्या जमिनीतून कोंब आले. पहिल्या दिवशी ते इतके बारीक होते की मला वाटलं उन्हानं जळतील. पण नंतर रोज सकाळी वावर आदल्या दिवसापेक्षा हिरवं दिसायचं. बाईनं दीड महिना घाम गाळून साफ केलेल्या तिसऱ्या हिश्श्यातही तोच कुंदा, तेवढाच दाट. रोटाव्हेटरनं तो एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पेरला होता. मी माझ्या हातानं बहिणीच्या वावरात कुंद्याची पेरणी केली होती.

शाळेला सुट्टी लागली होती. मी सब्बल घेऊन जायला लागलो. आता ढेकूळच नव्हतं, सगळा भुगा. मुळी धरून ओढावी तर तुटायची. मी गुडघ्यांवर बसून चाळणीनं माती चाळायला लागलो. सकाळी चाळलेल्या जागेत चार दिवसांनी पुन्हा कोंब. एकदा दुपारी मी चाळणी फेकून दिली आणि ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. नाल्यातल्या बकऱ्या बिचकून पळाल्या. बाईनं चाळणी उचलून आणली, माझ्यापुढं ठेवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

मी खामगावहून तणनाशकाची बाटली आणली. बाईनं ती हातात घेऊन फिरवून पाहिली. "हे मारल्यावर इथी भाजी लावाची? लोकाईनं खावाची?"

"थोडे दिवस थांबून लावू."

"मिरगाले दिवस किती राह्यले ते पाह्य अन् मंग थांब." बाटली तिनं निंबाच्या ढोलीत ठेवली. ती अजून तिथंच आहे.

रात्री मला झोप लागत नव्हती. बायको म्हणाली, "मी येते उद्या." ती आली, डोक्याला ओढणी बांधून. दोघी जवळजवळ बसून मुळ्या वेचत होत्या. घरात महिनोन्महिने न बोललेल्या त्या दोघी तिथं भेंडीच्या बियाण्यावरून वाद घालत होत्या, आणि मधेच हसत होत्या. मला त्याचाही आनंद होईना. मृग जवळ येत होता आणि अर्ध्या एकरात एका खोलीएवढीसुद्धा जागा साफ नव्हती.

एका दुपारी बायको घरी गेली होती. निंबाखाली बाई पाणी पीत होती. मी म्हणालो, "बाई, तुझे कष्ट वाचावे म्हणून मी ट्रॅक्टर नव्हता आणला. लोक हसत होते म्हणून आणला. आणि हे वावर..."

"माहीत हाय."

"काय माहीत आहे?"

"वावर काऊन देलं ते. घरात अडचण होऊन राह्यली होती माह्यी." तिनं तांब्या खाली ठेवला. "बे, मी तुले कडेवर घेऊन हिंडलो हावो. तू खोटं बोलला का तुह्या नाकाचा शेंडा लाल होते. अजूनही होते."

"मग तू घेतलंस कशाला?"

"मले जागा पाह्यजे होती," ती म्हणाली. "देणाऱ्याच्या मनात काय हाय ते पाहून कसं चालन."

मला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि माहीत असूनही ती फोडांवर हळद बांधून खंदत राहिली होती. मी उठलो आणि माती चाळायला बसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मृगाच्या आदल्या दिवशी दीर आला. उंच, बोलका माणूस. धुऱ्यावर उभा राहून त्यानं सगळं वावर न्याहाळलं. नाल्याच्या अंगाला आम्ही तिघांनी मिळून दोन वाफे साफ केले होते. बाकी सगळं हिरवंगार.

"काय मास्तर, हे तं कुरण झालं! म्हैस इथीच आणून बांधतो मी." तो मनापासून हसला. "चाला वहिनी. पेटी भरली का? दुपारची गाडी हाय."

बाई वाफ्याच्या कडेला बसून बोटानं रेघ ओढत होती. ओच्यात चवळीचं बी होतं. मला 'जाऊ नको' म्हणायचं होतं, पण ते म्हणायला माझ्याकडे काय होतं? हे वावर?

"भाऊजी, बसा. चहा घेऊन जा," बाई म्हणाली. "मी येत नाही आता."

"मंग कवा?"

"हे असं टाकून कशी येऊ? लोक म्हणतीन, भावानं चांगलं वावर देलं अन् बहीण कुंदा करून गेली."

माझ्या तोंडून निघून गेलं, "कुंदा मी केला." माझा आवाज नको तेवढा मोठा होता. रस्त्यानं दोन बायका चालल्या होत्या, त्या थांबल्या. "बाईनं साफ केलं होतं. ती नको म्हणाली होती. मी रोटाव्हेटर घातला."

दीर माझ्याकडे बघून म्हणाला, "ते तं दिसूनच राह्यलं, मास्तर. बाईमाणूस असं करते का?" आणि पुन्हा हसला. चहा पिऊन तो दुपारच्या गाडीनं गेला. जाताना बाईला म्हणाला, "दिवाळीले पुन्हा येतो." ती म्हणाली, "या."

ती वावरासाठी थांबली, की माझ्या लाजेसाठी, की दिराची म्हैस नको होती म्हणून, हे मी तिला विचारलेलं नाही. वावरानं तिला ठेवून घेतलं असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. दोन वाफ्यांत चवळी आणि भेंडी उगवली आहे, तीही बाजारात नेण्याएवढी होईल की नाही सांगता येत नाही. बाकीचा कुंदा पावसानं गुडघ्याला लागला. तो पुढच्या उन्हाळ्यात, भेगा पडल्यावर, सब्बलीनं अख्खी ढेकळं उचलून काढायचा आहे.

काल संध्याकाळी मी भेंडीच्या ओळीत बसलो होतो. बाई मागून आली, माझ्या गुडघ्याजवळ वाकली आणि एक कोंब दोन बोटांत धरून हळूहळू, न तोडता, मुळीसकट वर काढला.

"हा सुटला होता तुह्याकून," ती म्हणाली, आणि पुढच्या ओळीत सरकली.