मेल्या क्रमानं उठावं

चहाचा कप आधी खाली ठेवा. माझी फजिती ऐकताना एकदा शमुवेलकाकांच्या नाकात चहा गेला होता, तेव्हापासून मी ही काळजी घेतो.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. अकराव्या वर्षी घरच्यांनी मला दूर दक्षिणेतल्या शाळेत धाडलं होतं. तिथून पुढे पाद्री होण्यासाठी तीन वर्षं धर्मशिक्षण घेऊन मी माझ्या गावी, अड्याळला परतलो. वय चोवीस. अंगात उत्साह इतका, की रस्त्यात बैल आडवा आला तरी त्याला दोन शब्द सांगावेसे वाटत! सोबत एक जाडजूड वही होती, दृष्टांतांची. रोमचे शिपाई, ग्रीसचे धावपटू, इंग्लंडची क्रिकेटची मैदानं, सगळ्यांतून काढलेला विश्वासाचा धडा त्यात लिहिलेला.

पहिल्याच रविवारी मी क्रिकेटमधल्या फॉलोऑनवरून, म्हणजे लगेच मिळणाऱ्या दुसऱ्या डावावरून, देवाची दया समजावली. आमच्या छोट्या प्रार्थनामंदिरात पस्तीस माणसं. त्यातली तीस झोपली. उरलेली पाच लहान होती, ती रडली.

बाहेर आल्यावर शमुवेलकाकांनी खांद्यावर हात ठेवला. काका म्हणजे मंडळीतले सर्वांत वडील, निवृत्त कंपाउंडर, कडू औषध गोड बोलून पाजणारे.

"बेटा, दृष्टांत आणाले एवढ्या दूर कायले गेला गा? आपल्या गावात पोट्टे काही खेळत नाहीत का?"

खेळत होते ना! कबड्डी! संध्याकाळी मी मैदानावर गेलो. तिथं दसारामभाऊ होता, धान पिकवणारा, दारासारखा रुंद, गावच्या संघाचा कप्तान. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानं समजावलं, "हे पाहा बाबू, गडी बाद झाला म्हणजे मेला. मेलेले तिकडे रेघेपाशी बसतात. आपल्या गड्यानं समोरचा एक मारला, की आपला एक मेलेला जिवंत होऊन आत येते."

"मेलेला उठतो?"

"उठते ना!"

अहो, माझ्या अंगावर काटा आला! दुसऱ्यानं जीव धोक्यात घालायचा, आणि मेलेल्यानं फुकटात उठायचं! यापेक्षा चांगला दृष्टांत कोणत्या ग्रीसमध्ये मिळणार? त्या रविवारी मी टेबलावर हात आपटून गरजलो, "उठा! तुमच्यासाठी कुणीतरी रेघ ओलांडून गेला आहे! उठा!" कुणी झोपलं नाही. शमुवेलकाका तर खरोखरच उठून उभे राहिले.

तिथंच थांबलो असतो तर आज तुम्ही माझं कौतुक करत असता.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. बाजार, रात्रभर रंगणारं दंडारीचं लोकनाट्य, पाहुणे, आणि आमच्या मंडईत कबड्डीचा सामना. बक्षीस, भंडाऱ्याहून आणलेला भला मोठा पितळी गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा. तीन वर्षं तो तळ्यापलीकडच्या गावानं नेला होता. दसारामभाऊनं त्याच्यासाठी चौकात ओटासुद्धा बांधून ठेवला होता. तीन वर्षं त्या ओट्यावर एक शेळी बसायची. पलीकडच्या गावचे लोक जाता-येता विचारत, "काय दसाराम, तुमचा गुंड दूध देते का?"

यंदा काहीही करून जिंकायचं होतं. आणि नेमका सामन्याच्या दिवशी सातवा गडी सासुरवाडीला जाऊन तापानं पडला. दसारामभाऊ माझ्याकडे आला.

"बाबू, तुमी फक्त उभे राहा. बाकी आमी पाहून घेतो."

मला काय वाटलं सांगू? तेरा वर्षं बाहेर काढलेला मी, आज पहिल्यांदा गावाचा झालो!

सामना सरत येईपर्यंत मी मागं उभा राहिलो; मग पुढं झालो आणि पहिल्याच चढाईत मेलो. रेघेपाशी जाऊन बसलो. पाठोपाठ मोतीराम मेला, आमचा सर्वांत दांडगा गडी. तोही माझ्या शेजारी येऊन बसला. गुण सारखे. वेळ संपत आलेली. दसारामभाऊ चढाईला गेला, एकाला शिवला, बाकीच्यांना हुलकावणी देत परत आला. एक गुण वर! मैदान दणाणलं. पंच ओरडले, "एक गडी उठा!"

आता बघा, माझं डोकं कसं चाललं. तीन वर्षं मी काय शिकलो? स्वतः मागं राहावं, दुसऱ्याला पुढं करावं. इथं तर संधी चालून आली!

"मोतीरामभाऊ, तुम्ही जा."

"नाही गा बाबू, तुमचा लंबर हाय."

"माझं काय, मी बसतो."

"अगा, उठा न लवकर!"

"त्यागात आनंद असतो, भाऊ!"

तेवढ्यात गर्दीतून शमुवेलकाकांचा आवाज आला, "अरे बेटा, रविवारी आमाले उठा-उठा म्हणत होता, आज तुई पाळी आली त बसून काहून राहिला?"

मी हात जोडले, मोतीरामला ढकललं. तो आत गेला. शिट्टी वाजली.

मेलेल्यांनी मेल्या क्रमानंच उठायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! पंचांनी समोरच्यांना एक गुण दिला, मोतीरामला बाहेर बसवलं आणि मला आत पाठवलं. पुन्हा बरोबरी. त्यांची शेवटची चढाई. त्यांचा गडी आला, माझ्याकडे बघून हसला, मला शिवला आणि परत गेला. उठल्यावर अर्धं मिनिटसुद्धा मी जगलो नाही.

गुंड तळ्यापलीकडे गेला. दसारामभाऊ मातीतच बसला. मला म्हणाला, "तुमचा देव मेलेल्याले उठवते म्हणता, अन् तुमीच उठाले नाही म्हणता!"

चार दिवस मी घराबाहेर पडलो नाही. मग त्याच्या घरी जाऊन सांगितलं, रविवारी सगळ्यांसमोर माफी मागणार. ही बातमी पसरायला किती वेळ लागतो! रविवारी अख्खा संघ मागच्या बाकांवर हजर.

मी वही घरीच ठेवली होती. म्हणालो, "फुकट मिळालेलं जीवन मी नम्रपणे नाकारत होतो. पण ती नम्रता नव्हती, गर्व होता. कोण कधी उठणार, हे मी ठरवत होतो." एवढं बोलून खुर्चीत बसलो आणि बसल्या बसल्याच म्हणालो, "गीतासाठी सर्वांनी उठावं."

कुणी उठेना! शमुवेलकाका छताकडे बघत होते. मागून दसारामभाऊचा आवाज आला.

"पयले तुमी उठा, बाबू! नाही त पाइंट जाते!"

मी असा ताडकन उठलो, की खुर्ची उलटली. मग मोतीराम उठला. मग सामन्यात जसे मेले होते तसे, एकामागून एक, बाकीचे. शेवटी हसत-हसत पूर्ण मंडळी. तेवढं मोठं गाणं त्या छपराखाली त्याआधी कधी झालं नव्हतं.

आणि ती ओट्यावरची शेळी? ती आणखी वर्षभर तिथंच बसली. फक्त त्या मंडईनंतर गावानं तिला नाव दिलं, पादरीबाबू.

कारण तिलाही कितीही ऊठ म्हटलं, तरी ती उठत नसे.