वालाचा खोडवा

घरामागं चार खाटा मावतील एवढी जागा. तिथं कौशल्याबाईनं आयुष्यभर जे काही लावलं, ते सगळं तीन महिन्यांत येणारं. भेंडी, गवार, दोडका, काकडी. मृगात बी टोचायचं आणि दसऱ्याला बाग मोडायची. कारण दसरा झाला की दारात ट्रॅक्टर उभा राहायचा आणि नवरा-बायको ऊसतोडीला जायची, ती पाडव्याच्या आगंमागं परत यायची. अशी सत्तावीस वर्षं. मधले सहा महिने घराला कुलूप. त्या सहा महिन्यांत आपल्याच परसात काय उगवू शकतं, हे तिला ठाऊक नव्हतं. हसू नका. तुम्हाआम्हाला बारा महिने मिळतात म्हणून हे चमत्कारिक वाटतं.

लिंबागणेशच्या पुढं डोंगराच्या उतारावर वीस-पंचवीस घरांची वस्ती आहे, तिथलं हे शेवटचं घर. सगळ्या वस्तीचं तसंच. दसऱ्यानंतर तिथं म्हातारी माणसं राहतात, शेरडं राहतात आणि कुलपं राहतात.

पण कौशल्याबाईची बाग थंडीतही बंद नसायची, एवढं मात्र खरं. ती तिच्याबरोबर उसाच्या फडावर यायची. दुपारी भाकरी खाऊन झाली, की बाकीच्या बाया पाचटावर आडव्या व्हायच्या आणि ही डोळे उघडे ठेवून बागेत जायची. सुरुवात न्हाणीच्या पाटापासून. तिथं आळू. मग मिरचीची सहा झाडं, एकेकाला हात लावायचा. मग दोडक्याचा वेल, त्याची पानं वर करून खाली कुठं दोडका लपलाय का बघायचं. कुंपणापाशी पोचली की फिरून परत. सून वर्षाराणी विचारायची, आत्या, कुठं लागली तंद्री? ही म्हणायची, घरी जाऊन आले. सुनेला वाटायचं, बाई थट्टा करते.

गेल्या वर्षी उजव्या गुडघ्यानं दगा दिला. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं काम आता होणार नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. आश्रुबानं, म्हणजे नवऱ्यानं, मनाशी ठरवून टाकलं की हिनं यायचं, कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, बसायचं आणि सगळ्यांच्या भाकरी थापायच्या. फडावर म्हाताऱ्या बाया तेच करतात. त्यानं तिला विचारलंही नाही, आणि तीही काही बोलली नाही. पुरुषमाणसाचं एक बरं असतं, बाई गप्प बसली की त्याला होकार वाटतो.

मग आला जून. शेजारच्या फरीदानं तिला ओंजळभर बी दिलं. फरीदाचा नवरा जमील मांजरसुंब्याच्या फाट्यावर फळांचा गाडा लावतो, त्यामुळं त्यांचं बिऱ्हाड बारा महिने इथंच. बी काळंभोर, कडेला पांढरी रेघ. वालाचं. जांभळ्या काठाच्या शेंगा येतात म्हणाली, माझ्या माहेरचं आहे. कौशल्याबाईनं गोठ्याच्या भिंतीला लागून पाच बिया टोचल्या आणि वेल वर चढायला दोर बांधा म्हणून आश्रुबाला हाक मारली. त्यानं पत्र्याच्या छपरापर्यंत काथ्याचा दोर ताणून बांधला. गाठ मारता मारता त्यानं विचारलं, "हे येतं कवा?"

"संक्रांतीला."

"संक्रांतीला आपण कारखान्यावर."

"तुमी असाल," कौशल्याबाई म्हणाली. "मी न्हाई."

दोराची गाठ त्यानं सोडली आणि परत मारली. मग तिनं काय ते सांगून टाकलं. भोगीची भाजी सत्तावीस वर्षं दुसऱ्याच्या बांधावरच्या शेंगा मागून केली. एकदा आपल्या दारची करायची आहे. एकदा आपल्या घरात थंडी बघायची आहे. तुम्ही जा, पोरगा भागवत आणि वर्षाराणी बरोबर आहेत, खायचे हाल व्हायचे नाहीत. आश्रुबा आठ दिवस तिच्याशी कामापुरतं बोलला. फडावर नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बायको नसली की माणसाला अर्धा कोयता म्हणतात, तोंडावर म्हणतात. या वयात ते ऐकून घ्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं. पण नवव्या दिवशी त्यानं आपण होऊन दुसरा दोर बांधला.

वेल मात्र असा माजला की विचारू नका. श्रावणात छपरावर गेला, भादव्यात पत्रा दिसेना. नुसती पानं. एक फूल नाही. कौशल्याबाई रोज बघायची, फरीदा रोज सांगायची की याला फुलायला थंडी लागते, धीर धर.

दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅक्टर आला. भागवत भांडी चढवत होता, वर्षाराणी गोधड्या बांधत होती, आश्रुबा दारात बसून कोयत्यांना फडकी गुंडाळत होता. आणि कौशल्याबाई? ती आपली दरसालचं शेवटचं काम करत होती. घर सोडायच्या आधी बाग मोडायची, म्हणजे मोकळ्या परसात कुणाची जनावरं वेलांच्या आशेनं शिरत नाहीत आणि कुंपण तोडत नाहीत. हे काम तिनं सत्तावीस वेळा केलेलं. हातात जुना कोयता, कंबर वाकलेली, ध्यान गोधड्यांकडं, पिठाच्या डब्याकडं, सुनेनं मीठ घेतलं का याच्याकडं. दोडका कापला. काकडी कापली. भेंडीची ताटं कापली. भिंतीपाशी आली आणि वालाचे पाचही बुंधे कापले, दोन्ही दोर ओढले, छपरावरचा तो हिरवा डोंगर खाली आला. सगळं गोळा करून तिनं कोपऱ्यात लोटलं. हात झटकून ती पुढच्या दारी आली, आणि ट्रॅक्टरवर आपलं गाठोडं कुठं ठेवलं ते शोधायला लागली.

गाठोडं नव्हतंच. तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

ती परत दारात येऊन उभी राहिली. आश्रुबा ट्रॉलीत चढताना म्हणाला, गुडघ्याला तेल लाव. ती हो म्हणाली. ट्रॅक्टर निघाला, मारुतीच्या देवळापाशी वळला, उतारावर दिसेनासा झाला. मग ती मागं गेली आणि त्या हिरव्या ढिगाऱ्याशेजारी बसली. ज्याच्यासाठी नवऱ्याला अर्धा कोयता करून पाठवला, ते स्वतःच्या हातानं कापून बसली होती. स्वतःचा एवढा राग तिला जन्मात आला नव्हता. ती मोठ्यानं रडली, वस्तीत ऐकायला होतंच कोण?

फरीदा होती. ती कुंपणावरून वाकली, ढिगारा बघितला, मग बुंधे बघितले. म्हणाली, "मुळं हायेत न्हवं जमिनीत? मंग रडती कावून?"

कौशल्याबाईला ते काही पटलं नाही. तिच्या बागेत कापलेलं परत कधी आलं नव्हतं, कारण परत यायला सवड मिळालीच नव्हती.

पुढचे दिवस मोठे नवलाचे गेले. कौशल्याबाई आपल्याच घरात पाहुण्यासारखी हिंडत होती. तीस वर्षांपूर्वी बांधलेलं घर, पण कार्तिकात ऊन मागच्या दारातून आत येतं आणि सरकत सरकत पाण्याच्या हंड्यापर्यंत जातं, हे तिनं पहिल्यांदा बघितलं. ती तिथंच बसायची, पाठीवर ऊन घेत. सकाळी दारच्या कडुलिंबाच्या पानापानावर दंव असायचं. डोंगराच्या अंगाला तूर पिवळी झालेली. कुठं आवाज नाही, कुलूप लावलेल्या घरांवर फक्त कवडे घुमायचे. तिला वाटायचं, आपण फडावरच पाचटावर आडवे झालोय आणि हे सगळं नेहमीसारखं मनातलं आहे. एकदा तर तिनं खात्री करायला दाराची कडी वाजवून बघितली.

दर आठवड्याच्या बाजारी आश्रुबाचा फोन यायचा. त्या दिवशी काम बंद असतं. पहिल्याच फोनला त्यानं इकडतिकडचं बोलून विचारलं, "वालाला फुलं आली का?"

खरं सांगायला तिची जीभ रेटेना. "आली," ती म्हणाली.

"कशी हायेत?"

आता आली का पंचाईत. तिनं डोळे मिटले. जांभळी आहेत म्हणाली. तुरे उभे राहतात, खालची फुलं आधी उघडतात. ती सांगत गेली आणि सांगता सांगता तिला ती दिसायलाच लागली. पुढच्या बाजारी त्यानं परत विचारलं. मग तिनं भुंगे आणले. त्याच्या पुढच्या बाजारी एक वेल लिंबाच्या झाडावर चढवला. सत्तावीस वर्षं तिनं फडावर बसून बाग बघितली होती, आता बागेत बसून तेच करत होती. आश्रुबा हुं हुं करत ऐकायचा आणि फोन ठेवायची घाई करायचा नाही. फोन ठेवला की मात्र तिला स्वतःची लाज वाटायची. भोगीला भाजी कुठून आणणार होती?

कार्तिकी एकादशीची आंघोळ झाल्यावर तिनं न्हाणीचं पाणी कुठं जातंय बघायला मागं डोकावलं. पाटाचं पाणी फुटून भिंतीकडं गेलं होतं. आणि तिथं, कापलेल्या बुंध्यांच्या कडेनं, नखाएवढे हिरवे कोंब.

ती खाली बसली. बोटानं माती बाजूला केली. काप जमिनीसरसा होता, साफ, कुठं साल फाटलेली नाही. बुडखा अगदी मातीला टेकवून. उसाचा असाच कापतात. वर ठेवला की मुकादम बोलतो आणि जमिनीसरसा कापला की त्याच बुडख्यातून पुढच्या साली नवा ऊस फुटतो, त्याला खोडवा म्हणतात. ध्यान गोधड्यांकडं असताना तिच्या हातानं वाल उसासारखा कापला होता. लोकांच्या रानात तिनं हजारो वेळा कापून ठेवलं आणि खोडवा बघायला कधी थांबली नाही. आता बघत होती.

त्या दिवसापासून कौशल्याबाई दोनदा आंघोळ करायला लागली. फरीदा म्हणायची, बाई, तुझ्या गुडघ्याला नाही, तुझ्या वालाला पाणी लागतंय. पण तीच शेरडाच्या लेंड्या टोपलीनं आणून टाकायची. एकदा तिचीच तरणी शेळी कुंपणातून मान घालून दोन कोंब खाऊन गेली, तेव्हा फरीदानं शेरडाला अशा शिव्या घातल्या की कौशल्याबाईला हसूच आवरेना. मोकळ्या झालेल्या जागेत तिनं मेथी टाकली, गाजराचं बी विस्कटलं. कोपऱ्यात वांग्याची दोन झाडं कोयत्यातून वाचली होती, ती थंडीत टवटवीत झाली.

वेल मागच्यासारखा माजला नाही. भिंतीच्या निम्म्यापर्यंत आला आणि थांबला. मार्गशीर्ष सरता सरता त्याला तुरे आले. जांभळे. खालची फुलं आधी उघडली, ती सांगत होती तशीच. कौशल्याबाई त्यांच्यासमोर किती वेळ उभी होती, तिलाच कळलं नाही.

भोगीच्या सकाळी तिनं शेंगा तोडल्या. ओंजळ भरली, त्याहून जास्त नाही. अकरा शेंगा बियाण्याला वेलावरच ठेवल्या. वांगी, गाजर, फरीदानं दिलेला ओला हरभरा, तिळाचं कूट. बाजरीच्या भाकरीला वरून तीळ लावले. देवापुढं नैवेद्य ठेवला, एक ताट कुंपणावरून फरीदाकडं गेलं, आणि आपलं ताट घेऊन ती मागच्या दारात उन्हात बसली. घास काही तोंडात जाईना. तिनं आश्रुबाला फोन लावला.

फडावर जेवणाचीच वेळ होती. वर्षाराणीनंही भोगीची भाजी केली होती, बांधावरच्या शेंगा मागून आणून. तो म्हणाला, बरी झाली.

"आवं, एक सांगायचं व्हतं," कौशल्याबाई म्हणाली. "मी वाल कापला व्हता. तुमी निघालात त्याच सकाळी. ध्यानातच आलं न्हाई. फुलं-बिलं काय नव्हती, मी आपलं सांगत व्हते. आता आल्यात. आता खरंच आल्यात."

पलीकडं कुणीतरी कोयता घासत होतं. आश्रुबा म्हणाला, "ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"मारुतीच्या वळणावर मागं बगितलं. छपरावरचं हिरवं नव्हतं. मनात आलं, उडी टाकावी आन् परत यावं. मंग म्हणलं, हिचा हात जमिनीसरसा लागतो. फुटंल."

कौशल्याबाईनं हातातलं ताट खाली ठेवलं. "मंग दर बाजारी फुलं कावून इचारीत व्हता?"

"तू सांगायचीस," तो म्हणाला. "मला दिसायची."

ती उठली. फोन कानाला धरून गुडघा सांभाळत पायरी उतरली आणि न्हाणीच्या पाटापासून सुरुवात केली. इथं आळू आहे, थंडीनं पानं बारकी झालीत. ही मेथी, दोनदा खुडली. गाजरं बोटाएवढीच आहेत अजून. भिंतीपाशी आली आणि वेलावरच्या शेंगा तिनं त्याला एकेक करून मोजून दाखवल्या. अकरा होत्या, अकराच सांगितल्या.