उंट कोपऱ्यात, लेक पुण्यात

लेक चार दिवस घरी येणार होती आणि मी तिला बुद्धिबळाच्या शास्त्राप्रमाणे येऊ दिलं नाही.

बायको गेल्यापासून बोरगाव मेघ्यातल्या आमच्या घरात मी आणि बुद्धिबळाचा पट असे दोघेच राहतो. लेक, रश्मी, पुण्याला नोकरीत. रोज संध्याकाळी फोनवर ती एक चाल सांगते, मी एक सांगतो. फोन दोन मिनिटांचा! (तिच्या बाजूच्या खुर्चीत मी बसत नाही. तिची मोहरी उभ्यानंच हलवतो.)

मग मी कुठूनतरी डावाची 'कडेची सुरुवात' शिकलो. तिचं तत्त्व मोठं रुबाबदार. पटाच्या मधोमध आपली प्यादी घुसवायचीच नाहीत. मधली घरं समोरच्याला घेऊ द्यायची, आपला उंट कोपऱ्याशी दडवायचा आणि तिथून तिरपा नेम धरायचा. वाटलं, लेकीला बोलावायची हीच रीत! सरळ 'ये' म्हणणं म्हणजे मधोमध प्यादं टाकणं. छे.

पहिल्या संध्याकाळी मी नुसतं सांगितलं, यंदा तुरीच्या शेंगांतले सोले फार गोड आहेत. दुसऱ्या दिवशी, तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त केला. (थंडीत!) तिसऱ्या दिवशी शेजारच्या पुष्पाताईंना तिला फोन करायला लावलं, की काकाजी अगदी मजेत आहेत, त्यांना कोणाची गरजच नाही. हा माझा दडवलेला उंट.

चौथ्या दिवशी रश्मीनं स्वतःच मधोमध प्यादं टाकलं. "बाबा, शुक्रवारी पोचेन असं तिकीट काढलं. येऊ ना?"

शास्त्र म्हणतं, लगेच मारू नये.

"पाय बा, तुह्या सोयीनं," मी म्हणालो. "मले तं वेळच नाई."

पुढचे दोन दिवस तिनं फक्त चाली सांगितल्या. मीही विचारलं नाही. कडेनं खेळणारा घाई करत नाही.

शुक्रवारी सकाळी दोन किलो शेंगा सोलल्या, सोलेभात टाकला, दोन ताटं मांडली आणि फाटकाशी जाऊन उभा राहिलो. दुपार कलली तेव्हा फोन केला. तिकीट तिनं माझं 'वेळच नाई' ऐकून त्याच संध्याकाळी रद्द केलं होतं.

मग मी सगळं कबूल केलं, पुष्पाताईंपासून पंख्यापर्यंत आणि मांडलेल्या ताटांपर्यंत.

"बाबा, या सुरुवातीनं तुमी आजवर किती डाव जिंकले?"

"एकबी नाई."

"मंग जेवा आता दोघांचं."