जांभूळवाडीच्या चढावर जावई

महाळुंग्याच्या कैलास पाडाळेला कुणी विचारलं, सध्या काय करता, तर तो सरळ सांगायचा, "बसतो." यात खोटं काही नव्हतं. वडील ज्वारी काढायचे त्या रानात आता चार मजली इमारत उभी होती, तिच्यात हिंजवडीला नोकरी करणारी पोरं-पोरी राहायची आणि भाडं दर महिन्याला न बोलावता यायचं. कैलासला फक्त जिन्यातले दिवे बदलायचे आणि टाकी भरली की मोटार बंद करायची, एवढंच काम. त्यातही मोटार बंद करायचं तो विसरायचा.

त्याचे सासरे भिवाजी गोळे मात्र ताम्हिणीच्या वाटेवर जांभूळवाडीला सत्तरीतही गुडघाभर चिखलात उभे राहून भात लावायचे. एका लग्नात कुणीतरी त्यांना विचारलं होतं की जावई काय करतात. म्हाताऱ्यानं अगदी भाबडेपणानं सांगितलं, "आमचं जावई काय करत न्हाईत. भाडं खात्यात." मांडव हसला. सगळ्यात मोठ्यानं कैलास हसला, आणि त्यानंतर हा किस्सा तोच चारचौघांत सांगत सुटला, कारण आपली फजिती आपणच सांगितली की जरा कमी लागते. पण लागायची. चांगलीच लागायची.

सायकल त्याच्या आयुष्यात आली ती पोटामुळे. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. चालायला कैलासचा विरोध होता, कारण चालताना गावातली माणसं थांबवून विचारायची, गाडी बिघडली का. दुसऱ्या मजल्यावरची भाडेकरू साधना पहाटे सायकल घेऊन बाहेर पडायची, तिच्याबरोबर तो जाऊ लागला. साधना त्याला काका म्हणायची आणि चढावर मागे सोडून जायची. यातलं काका म्हणणं त्याला जास्त झोंबायचं. पुढे तिच्या ऑफिसातला काडीसारखा निषाद आला, पौडच्या बाजारात पाइप-नळांचं दुकान असलेला झीशान आला, आणि चौघांची टीम झाली.

दर सप्टेंबरात पौडला टीमची रेस असते. निघायचं चौघांनी, पण वेळ धरतात ती तिसऱ्याची. चौथा आला काय न् न आला काय, पंचांना फरक पडत नाही. ही टीम आधी दोन वर्षं उतरली होती, आणि दोन्ही वर्षं चौथा कोण होता हे सांगायला नको. धरणाकाठच्या सपाट रस्त्यावर कैलासला पुढे ठेवायचे आणि बाकीचे तिघं त्याच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला चाकाला चाक लावून चालवायचे. काकांच्या मागं पाऊससुद्धा लागत नाही, असं साधना एकदा बोलून गेली, तर कैलासनं तेही वाक्य उचललं आणि आपल्या किश्श्यांत भरती केलं. चढ आला की तिघं निघून जायचे आणि हा आडोसा सावकाश मागून यायचा. तो पोचेपर्यंत मंडपाचं कापड काढायला सुरुवात झालेली असायची.

एकदा तरी आपण तिसरं यावं असं त्याला फार वाटायचं. जीव गेला तरी तो हे कुणाला सांगणार नव्हता.

दुसरी अडचण लाजेची होती. रेसचा रस्ता जाताना-येताना जांभूळवाडीतून जायचा, म्हणजे थेट सासुरवाडीच्या दारावरून, आणि ती अंगाला चिकटलेली चड्डी. जावयानं सासुरवाडीला फेटा नाही बांधला तरी पँट घालून जावं, एवढी अपेक्षा कुणीही धरील. म्हणून कैलास वाडी आली की हेल्मेट खाली ओढायचा, काळा चष्मा नाकावर दाबायचा आणि परक्यासारखा निघून जायचा. दोन्ही वर्षं कुणी ओळखलं नाही या आनंदात तो होता. यंदा रेसच्या सकाळी त्याची बायको सुलक्षणा डबा भरताना म्हणाली की अख्खी वाडी ओळखते. जावईबापूंना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून सगळे गोठ्याआड उभे राहून बघतात. हे ऐकून कैलासनं पोह्यांची बशी बाजूला सारली.

त्या दिवशी हवा रेस रद्द करावी अशी होती आणि आयोजक ती रद्द न करणारे होते. आठवडाभर झड लागलेली, धरणावर धुकं, आणि पाण्यावरून येणारा वारा आडवा मारत होता. जाताना कैलासनं नेहमीसारखी वाऱ्याला छाती आणि टीमला पाठ दिली. वळायच्या ठिकाणाच्या थोडं अलीकडे निषादचं चाक पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात गेलं, तो पडला, गुडघे सोलवटले आणि सायकलीचं मागचं गिअर वाकडं झालं. त्याला रेसच्या मागून येणाऱ्या टेम्पोत बसवलं. झीशाननं तोंडावरचं पाणी पुसलं आणि म्हणाला, "दादा, आता तुमीच तिसरे."

कैलासला इतका आनंद झाला की पहिला मैल तो नुसत्या आनंदावर चालला. मग आनंद संपला आणि पाय उरले.

परतीला वारा फिरून समोरून येत होता. आता झीशान आणि साधना पुढे राहून वारा अंगावर घेत होते आणि कैलासला मागे ठेवलं होतं. टीममध्ये आल्यापासून दुसऱ्याची पाठ त्यानं पहिल्यांदाच एवढी जवळून पाहिली. साधनाच्या पाठीचा आडोसा म्हणजे विजेच्या खांबाआड उभं राहण्यासारखा होता, पण बिचारी जीव तोडून चालवत होती. सारखी मान वळवून बघायची, काका आहेत ना. काका होते. फक्त मांड्यांत गोळे आले होते आणि डोळ्यांपुढे तांबडं-पिवळं दिसत होतं.

जांभूळवाडीचा चढ सुरू झाला तशी कैलासला एक नामी सबब सुचली. खरं तर ती वळायच्या ठिकाणापासूनच त्याच्याबरोबर चालत होती. सासुरवाडीच्या दारावरून जावई घोटभर पाणी न घेता गेला तर लोक काय म्हणतील? दमलो म्हणून थांबणं वेगळं आणि रीत म्हणून थांबणं वेगळं. रीतीपुढे रेस ती काय.

यंदा वाडी गोठ्याआड नव्हती. प्लास्टिकची खोळ पांघरून भिवाजी रस्त्याच्या कडेला उभे होते आणि मागून सासूबाई तुळजाबाई पदराखाली झाकून चहाचा पेला आणत होत्या. कैलासनं पाय टेकला. त्याला इतकं बरं वाटलं की रडू यायचं बाकी राहिलं.

"मामा, थांबतो जरा," तो म्हणाला. "दारावरनं तसंच कसं जायचं?"

भिवाजींनी चढावर नजर टाकली. माथ्यावर झीशान आणि साधना सायकली आडव्या धरून पावसात उभे होते आणि खाली बघत होते.

"ती दोगं कुणासाटी थांबल्यात?"

"माझ्यासाटी."

"मग च्या कवाबी मिळंल. बसा सायकलीवर."

आणि जावई बसतो न बसतो तोच म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवर पंजा टेकवला आणि ढकलायला सुरुवात केली. पायात रबरी चपला, रस्त्यावरून पाण्याचे लोट, तरी ढकलतायत. मागून तुळजाबाई पेला घेऊन धावतायत, अर्धा चहा सांडलाय, पण धावतायत. बाहेरच्या माणसाचा हात घ्यायचा नाही, हा नियम कैलासला पाठ होता. ब्रेक लावायला दोन बोटं पुरली असती. त्यानं लावला नाही. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती आणि सासऱ्याचा हात पाठीवर आज पहिल्यांदा पडला होता. नियम आठवण्याइतकी शुद्ध त्याला होती, पण तो हात निघू नये असं त्याला वाटत होतं.

पौडला तिघं एकदम रेषेवर आले. वेळेच्या आत आले, आणि पावसानं बऱ्याच टीम गळाल्यामुळे त्यांचा नंबर पहिल्यांदाच एवढा वर लागला होता. झीशाननं कैलासला सायकलीसकट मिठी मारली आणि दोघं चिखलात बसता बसता वाचले.

पंच होत्या आशालता मॅडम, शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी तिघांना बाजूला बोलावलं. मोटरसायकलवरच्या स्वयंसेवकानं चढावर ढकलताना पाहिलं होतं. मॅडम मायेनंच बोलत होत्या. कुणी बघ्यानं उत्साहाच्या भरात हात लावला तर त्यात खेळाडूचा दोष धरत नाहीत, असं त्यांनी समजावलं. पण आपल्याच माणसानं ढकललं तर टीम बाद. तर तो माणूस ओळखीचा होता का?

"न्हाई मॅडम," कैलासच्या आधी झीशान बोलला. "असंल कोनतरी गावातलं."

साधना पायाकडे बघत राहिली. एक मान हलवली की झालं असतं. कैलास तिसरा ठरला असता, दोघांची मेहनत वाया गेली नसती आणि म्हाताऱ्याला यातलं काही कधी कळलं नसतं. तसंही त्याच दारावरून हेल्मेट ओढून परका होऊन जाण्याचा सराव त्याला दोन वर्षांचा होता. पण आज ते त्याच्याच्यानं होईना.

"ओळखीचे हायेत," तो म्हणाला. "सासरे हायेत माझे. आणि मी ब्रेक लावला न्हाई."

मॅडमनी टीमच्या नावावर काट मारली. झीशान सायकल घेऊन नळावर धुवायला गेला. साधना म्हणाली की ठीक आहे काका, पण तिचा आवाज ठीक नव्हता. कैलासनं काहीतरी विनोद करायचा म्हणून तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःवर विनोद सुचला नाही. त्याला नुसती लाज वाटत होती, सरळ साधी, या दोघांची.

तेवढ्यात फोन वाजला. भिवाजींचा. ओल्या बोटांनी काय दाबलं गेलं कोण जाणे, म्हाताऱ्याचा आवाज नळापर्यंत गेला.

"जावईबापू, माझ्या ढकलण्याचा काय उपेग झाला का?"

झीशान नळ सोडून आला. त्याचा चेहरा अजून उतरलेलाच होता. त्यानं कैलासच्या हातातून फोन घेतला.

"मामा, मी झीशान, पौडचा. तुमी हात लावला नसता तर आमी तिगं आज पोचलो नसतो."

हे तर खरंच होतं. पलीकडे म्हातारा खूश झाला.

"मग पुढच्या साली खालपासनं ढकलतो," तो म्हणाला.

झीशाननं कपाळावर हात मारून घेतला आणि फोन पुढे केला. कैलासनं तो कानाला लावला.

"ढकला, मामा," तो म्हणाला.