नाल्याकाठचा चिखल आणि माझी चुकलेली लाइन

तीन दिवसांत यादीत फुलपाखरांच्या नऊच जाती. तेही चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, ऑक्टोबरच्या स्वच्छ उन्हात. तिथे निसर्ग उद्यान व्हायचं होतं. त्याआधीचा सर्व्हे माझ्याकडे होता.

आम्ही ट्रान्सेक्ट करतो. म्हणजे एक लाइन ठरवायची, तिच्यावरून संथ चालायचं आणि दोन्ही बाजूंना दिसतील ती फुलपाखरं मोजायची. लाइन मीच आखली होती. सागाच्या कडेने, चालायला सोपी.

उद्यानाचा प्रकल्प बघणाऱ्या सरांचा जळगावहून फोन आला. "मॅडम, विविधता कमी आहे असं लिहा आणि उद्या पाठवा. नाल्याकाठी भराव टाकून पार्किंग करायचंय. जेसीबी पोचलाय."

जेसीबीचे ऑपरेटर सुरेशभाऊ, नरडाण्याचे. सावलीत डबा खात होते. मला चौथ्यांदा तीच वाट तुडवताना बघून म्हणाले, "ताई, तुम्ही आठे काय धुंडी राहिनात? फुलपाखरं त बठ्ठा खाले नालामा शेतस."

मी खाली उतरले. पाणी आटत आलेलं, काठाला ओला चिखल, आणि त्यावर पिवळे-पांढरे थवेच्या थवे. चिखलातले क्षार शोषायला फुलपाखरं अशी जमतात. त्याला चिखलपान म्हणतात. हे मी वर्गात शिकवलंय. आणि माझी लाइन नाल्याला शिवतही नव्हती.

"भाऊ, भराव कधी टाकणार?"

"जेवन झालं का लगेच."

"दोन दिवस थांबाल?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "थांबाले जमाव नही. पन वरलीकडथीन सुरू करस. तठे दोन दिननं काम शे." ठेकेदाराला फोनही त्यांनीच केला.

मग मी सरांना फोन लावला. "सर, लाइन चुकली माझी. नवीन आखते."

"आता? रिपोर्टचं काय?"

"चुकीच्या रिपोर्टवर मी सही करणार नाही."

"दोन दिवस. जास्त नाही."

दोन दिवसांत यादी एकतीसवर गेली. ती बघून सरांनी पार्किंग वरच्या माळावर हलवलं. ओला काठ तसाच राहिला.

रिपोर्टमधल्या आभाराच्या पानावर मी सुरेशभाऊंचं नाव सगळ्यात वर घातलं. सर म्हणाले, "जेसीबी ऑपरेटर?" म्हटलं, "हो." त्यांनी ते काढलं नाही, याबद्दल त्यांचेही आभार.

आता लाइन आखण्याआधी, त्या जागी रोज कोण असतं त्याला विचारते. त्यात अर्धा दिवस जातो. न विचारल्याने माझे तीन गेले होते.