फ्रान्सातल्या गावचा दगड

पोरीच्या वर्गात फ्रेंचचा प्रोजेक्ट आला: फ्रान्समधलं एक लहानसं खेडं घ्या, त्याचा भूगोल-इतिहास वर्गासमोर उभं राहून सांगा. मागच्या खेपेला ती दोन वाक्यांत अडखळली, मुलं हसली आणि ही रडत खाली बसली होती. आता म्हणाली, "मम्मी, उस दिन मेरा पेट दुखेगा." सौदीतल्या जेद्दाच्या या शाळेत पोटदुखीची चिठ्ठी आईने लिहायची असते. मी म्हटलं, चिठ्ठी मिळणार नाही. बोलायचं म्हणजे बोलायचं.

मग रोज ती शाळेतून आली की मी ओट्याशी मासळी साफ करायचे आणि ती फ्रिजला पाठ लावून गाव सांगायची. मला फ्रेंच ओ की ठो कळत नाही. म्हणून आधी मला हिंदीत समजाव, मग तुझ्या फ्रेंचमध्ये म्हण, असा माझा हुकूम. गावाचं नाव मला आजही घेता येत नाही. मेली अर्धी अक्षरं नुसती लिहायची नि बोलताना गिळायची! पण गाव कळलं. खाली नदी, उतारावर दगडी घरं, अक्रोडाची झाडं. पूर्वी पाणचक्की होती, बाजार भरायचा. आता शाळा बंद, निम्म्या घरांना कुलपं. ती अडकली की मी सुरी आपटायचे, "यल्ला, चल, परत पहिल्यापासून!" कीव यायची तिची, पण दाखवायचे नाही.

एकदा तिने फोटो दाखवला. चौकात उभा दगड, त्यावर ओळीने नावं कोरलेली. मी लगेच म्हटलं, "हे बरं केलंनी. बाहेर कमवायला गेलेल्यांनी गावाला देणगी धाडली असणार." आमच्या रत्नागिरीकडच्या गावात मशिदीच्या भिंतीवर अशीच पाटी आहे. कुवेतवाले, दोहावाले, सगळ्यांची नावं.

"मम्मी! डोनर नहीं हैं ये! लड़ाई में गए थे. वापस नहीं आए."

आणि मग ती सांगतच सुटली. एका घरातले तीन भाऊ, एकच आडनाव तीनदा कसं कोरलंय, ते गेल्यावर शेतं बघायला कोणी उरलं नाही, गाव कसं रितं होत गेलं. एकदाही अडखळली नाही. माझी चूक झाली त्याची लाज बाजूला ठेवून मी म्हटलं, "हे अस्संच्या अस्सं वर्गात सांग."

प्रोजेक्टच्या दिवशी माझं कशात लक्ष नव्हतं. भात करपवला. ती आली, दप्तर टाकलंन.

"बोललीस?"

"हाँ. दो बार अटकी. फिर से शुरू किया."

अगो बाय माझी! मी तिला जवळ घेऊन मुका घेतला.

"टीचर ने पूछा, अब तो लड़ाई नहीं है, फिर लोग गाँव क्यों छोड़ते हैं? वो तो पेपर में था ही नहीं. मैंने बोला, मेरी मम्मी ने भी छोड़ा. वहाँ कोई लड़ाई नहीं थी." मग माझ्याकडे बघून विचारलंन, "ठीक बोला ना?"

एरवी माझी बडबड थांबत नाही. मी तोंड उघडलं, पहिल्याच शब्दाला अडकले, आणि स्वतःलाच म्हटलं, यल्ला, परत पहिल्यापासून!